काटा थांबेपर्यंत

निवाडा देण्याची घाई हा मनुष्यस्वभावाचा इतका जुना रोग आहे की त्याला रोग म्हणायचेही आपण सोडून दिले आहे. डोळ्यांनी अर्धे पाहावे, कानांनी पाव ऐकावे आणि जिभेने पूर्ण निकाल द्यावा, अशीच आपणा सर्वांची रीत. या रीतीच्या उलट चालणारा मनुष्य क्वचित भेटतो. त्याच्याभोवती लोक ओरडत असतात, वेळ निघून जात असतो, त्याचे स्वतःचे मनही त्याला पुढे ढकलीत असते; आणि तरी तो हात आवरून उभा राहतो, कारण समोरची वस्तू अजून स्थिर झालेली नसते. शास्त्रकारांनी धृतीला गुणांच्या पंक्तीत मानाचे पान दिले, ते अशा माणसांना पाहूनच दिले असावे. मात्र प्रत्येक गुणाला त्याचे असे एक क्षेत्र असते. त्या क्षेत्राच्या कुंपणापलीकडे तो गुण केव्हा गेला हे इतरांना उशिरा कळते, आणि ज्याचा तो गुण त्याला बहुधा कळतच नाही.

काटेवाल्यांची हकीकत ही त्या कुंपणापलीकडची आहे.

शहराच्या टोकाला गोदामांची रांग होती. रांगेच्या तोंडाशी, रस्त्याच्या पातळीत बसवलेला एक लांबरुंद लोखंडी फलाट होता. मालाने भरलेला ट्रक त्यावर येऊन उभा राहिला की शेजारच्या खोलीतल्या पेटीवर तांबडे आकडे उमटत. ते वाचायचे आणि वजनाची पावती द्यायची, हे काटेवाल्यांचे काम. पूर्वी तिथे खराखुरा काटा होता, दांड्यावर सरकणारे वजन होते. पुढे पेटी आली आणि काटा गेला. पण नाव मागे उरले, आणि त्या नावानेच त्यांना सारे ओळखू लागले. त्यांचे खरे नाव पगाराच्या दिवशी तेवढे उच्चारले जाई.

त्यांचे दोन नियम होते. आकडे नाचत आहेत तोवर पावती नाही, हा पहिला. ट्रक चढण्यापूर्वी रिकामा फलाट शून्यावर निश्चल उभा दिसला पाहिजे, हा दुसरा. रिकाम्या काट्याची खात्री नसेल तर भरल्या काट्याच्या आकड्याला अर्थ काय, असे ते म्हणत. या नियमांपायी दारात ट्रकांची रांग लागे, भोंगे वाजत, आणि ड्रायव्हर मंडळींच्या जिभेला धार चढे.

"काटेवाले, इंजिन थंड झालं, मी थंड झालो, तुमचा काटा अजून तापलेलाच का?"

"थांबतोय, थांबतोय," काटेवाले खिडकीतून म्हणत.

"तो थांबेपर्यंत माझी मुलगी लग्नाला येईल हो!"

"चांगलंच की. अक्षता टाकायला मी मोकळाच आहे."

फाटकावर बसणारे वयस्क रखवालदार, ज्यांना सगळे फाटकवाले म्हणत, ते या संवादांवर मनापासून हसत. काटेवाले मात्र हसताना देखील पेटीवरची नजर काढीत नसत. आणि गोदामांच्या साऱ्या पेठेत एवढे मान्य होते की त्यांच्या हातची पावती पुन्हा तपासावी लागत नाही.

घरीही हाच न्याय. त्यांच्या पत्नी राहत्या घराच्या पुढल्या खोलीत पाळणाघर चालवीत. कामाला जाणाऱ्या आया सकाळी आपली तान्ही त्यांच्या कुशीत देऊन जात, आणि म्हणून आळीत लहानथोर सगळेच त्यांना मावशी म्हणत. पंखा घ्यायचा ठरले तेव्हा काटेवाल्यांनी इतकी दुकाने पालथी घातली, इतक्या पात्यांच्या वाऱ्यात स्वतः उभे राहून पाहिले, की पंखा घरात आला तेव्हा उन्हाळा निघून गेला होता. मावशींना याचे नवल वाटले नाही. त्यांच्या लग्नाच्या वेळी होकार यायला इतका विलंब झाला होता की त्यांच्या थोरल्या भावाने निरोप धाडला होता, "काटा थांबला का, तेवढं विचारा." संसारात ही थट्टा जन्मभर पुरली. मावशींनी एक गोष्ट मात्र प्रारंभीच मनाशी धरली होती. हा मनुष्य उशीर करतो, पण चुकत नाही. त्या भरवशावर त्या त्यांच्याबरोबर थांबायला शिकल्या. आणि थांबता थांबता ती त्यांचीही सवय होऊन गेली.

खुर्चीने मात्र आपले काम केले. खिडकीपाशी बसून बसून काटेवाल्यांच्या देहावर मेद चढत गेला. ट्रकांचे वजन करणाऱ्याने स्वतःचे वजन कधी केले नाही, असे फाटकवाले म्हणत, आणि काटेवाले उत्तर देत, "फलाट माझ्यासाठी फार मोठा आहे, आकडाच उमटायचा नाही." मग जिना चढताना दम लागू लागला. मग अधूनमधून छातीत एक विचित्र धडधड सुरू होई. "आत कुणीतरी कपडे आपटतंय बघ," ते एकदा मावशींना म्हणाले. काही वेळाने ती आपोआप थांबे. ती थांबली की ते ती गोष्ट सोडून देत.

मावशींनी त्यांना अक्षरशः ओढत डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी छातीला तारा लावून ठोक्यांच्या आलेखाची पट्टी काढली, ती निरखली, आणि म्हणाले, "आत्ता तरी ठीक दिसतंय. धडधड सध्या नाहीये ना? ती परत झाली की ती चालू असतानाच इकडे या, म्हणजे सापडेल. आणि वजन उतरवा. रोज चाला, जरा जोरात. पण नाडी फार चढू देऊ नका. मनगटावर बांधायचं एखादं मॉनिटर घ्या. कुठलंही चालेल."

"कुठलंही कसं चालेल?" काटेवाले म्हणाले.

डॉक्टर हसले. "बरं, नसलं तरी अडत नाही. चालताना मावशींशी बोलत राहा. बोलताना धाप लागायला लागली की वेग कमी करा. झालं मोजमाप."

बोलण्यावरून मोजायचे, ही कल्पना काटेवाल्यांना आवडली नव्हती, हे मावशींना न सांगता कळले. मावशींचे स्वतःचे मन मात्र कित्येक वर्षांत झाले नव्हते इतके हलके झाले. पाण्याच्या टाकीपर्यंत जाणारा एक झाडांचा रस्ता होता. आळीतली जोडपी त्या रस्त्याने सकाळी फिरायला जात, हे मावशी खिडकीतून पाहत. इकडे पाळणे हलत असायचे आणि तिकडे काटा. आता डॉक्टरांनीच सांगितले होते, चाला आणि बोला. घरी परतण्यापूर्वी त्यांनी दोघांसाठी कापडी बूट घेतले. बुटांना मात्र काटेवाल्यांनी फारसा वेळ लावला नाही, आणि मावशींना तो शुभशकुन वाटला.

मॉनिटरची गोष्ट निराळी होती. खेळाच्या सामानाच्या दुकानात एक तरतरीत मुलगी विक्रीच्या कामावर असे. एकेकाळी ती स्वतः शर्यती धावलेली होती. तिने काचेच्या मांडणीतून एकेक वस्तू काढून समोर ठेवली.

"काका, कशासाठी हवंय? धावायला, सायकलला, पोहायला?"

"चालायला," मावशी म्हणाल्या.

"मोजायला," काटेवाले म्हणाले.

मुलीने दोघांकडे आळीपाळीने पाहिले आणि हसू दाबले. "हे मनगटाचं. याच्या पोटाशी हिरवा दिवा असतो, तो कातडीखालून वाहणारं रक्त बघतो आणि ठोके मोजतो. वापरायला सोपं. पण पट्टा सैल झाला, हात जोरात हलला की चुकतं. आणि हा छातीचा. आतली बाजू ओली करून बांधायचा, हा हृदयातली वीजच पकडतो. खरं सांगू का काका? जास्त अचूक हाच. पण काचतो म्हणून लोक घेत नाहीत."

"आणि हे कॅलरी म्हणून काय लिहिलंय?"

"तुम्ही चालताना किती शक्ती खर्च केली ते. तुमचं वय, वजन आणि नाडी धरून हिशेब करतं."

"म्हणजे मोजत नाही."

"मोजत नाही. अंदाज असतो."

"पण दाखवतं तर पार शेवटच्या आकड्यापर्यंत!"

"दाखवतं खरं."

"बाई गं, ट्रकचा रंग, चाकं आणि ड्रायव्हरचं वय विचारून मी पावती फाडली तर चालेल का?"

"मी तरी नाही येणार मग तुमच्या काट्यावर," ती म्हणाली, आणि आता मात्र खळखळून हसली. मावशीही हसल्या. काटेवाल्यांना त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही. अनुमानाला मापाचा वेष चढवून बाजारात बसवावे, हे त्यांना खरोखर अधर्मासारखे वाटले होते.

त्या दिवशी ते काहीच न घेता परतले. पुन्हा गेले, पुन्हा परतले. टाकीच्या रस्त्याने फिरणाऱ्यांना थांबवून त्यांनी त्यांच्या मनगटांची चौकशी केली. एकाला पट्ट्याने पुरळ आले होते, दुसऱ्याचे घड्याळ त्याला झोपेतही चालवीत होते. प्रत्येक हकीकत ते घरी येऊन गांभीर्याने सांगत. बूट खोक्यात होते. मावशींनी एकदा म्हणून पाहिले, "अहो, तोवर आपण नुसतं चालू या ना. मी बोलत राहते, तुम्ही हूं म्हणा."

"डॉक्टर काय म्हणाले? नाडी चढू द्यायची नाही. मोजल्याशिवाय कळणार कशी चढली ते?"

याचे उत्तर डॉक्टरांनी दिले होते, पण डॉक्टरांचेच दुसरे वाक्य काटेवाल्यांनी धरून ठेवले होते, आणि धरलेली गोष्ट ते सहसा सोडीत नसत.

शेवटी मनगटाचे घड्याळ आले. पुसून, नीट चार्ज करून, त्यांनी ते डाव्या हातावर बांधले आणि टेबलावर हात पसरून निश्चल बसले. मावशी कुशीत एका बाळाला घेऊन दाराशी उभ्या.

"निघायचं का?" त्यांनी विचारले. बूट त्यांच्या पायांत होते.

"थांब. आधी रिकामा काटा बघायचा असतो."

मावशींना ते उमगले. बसल्या जागी नाडी एका आकड्यावर स्थिर दिसली, की मग चालण्याचा आकडा खरा मानायचा. ट्रक चढण्यापूर्वीचे ते शून्य होते. त्या वाट पाहत उभ्या राहिल्या. घड्याळावर एक आकडा आला, लगेच त्याहून पुष्कळ मोठा आला, मग एकदम खाली उतरला आणि पुन्हा उडी मारून वर गेला. काटेवाल्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी पट्टा आवळला, मग सैल केला, मनगट बदलून पाहिले.

"रिकामाच नाचतोय," ते म्हणाले. "तुझ्या हाताला बांध बघू."

मावशींच्या हाताला बांधले. आकडा आला आणि जागच्या जागी बसून राहिला. बाळाने हात घालून घड्याळ ओढले, तरी तो फारसा ढळला नाही.

"तुझं मनगट बारीक आहे," बराच विचार करून काटेवाले म्हणाले. "दिवा आत पोचतो. माझ्या हाताला मांस फार."

हे पटण्यासारखे होते, आणि सारे अनर्थ पटण्यासारख्या कारणांच्या हाताला धरूनच घरात शिरतात. दुकानातल्या मुलीनेही तेच सांगितले. कातडी जाड असली, केस असले, हात गार असला की दिवा चुकतो. मग छातीचा पट्टा आणला. न्हाणीघरात तो ओला करून, मावशींच्या मदतीने बांधून, काटेवाले पुन्हा खुर्चीत बसले. हाही नाचला. मुलगी म्हणाली, कदाचित नीट ओला झाला नसेल, घट्ट नसेल, अंगातल्या सदऱ्याचे कापड घासत असेल, आतली बॅटरी उतरली असेल. एकेक कारण घेऊन काटेवाले घरी येत, एकेक निवारण करीत, आणि आकडे पुन्हा उड्या मारीत. तिने मालकाच्या नकळत पट्टा दोनदा बदलून दिला.

"काका, तुम्ही फार हलता का हो?" तिने एकदा विचारले.

"मी श्वाससुद्धा जपून घेतो."

"मग..." ती घुटमळली. "मला त्यातलं कळत नाही, पण एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या ना."

"दाखवणारच आहे. पण काय दाखवू? हा नाच? विश्वासाचा आकडा हातात आला की त्याच दिवशी जातो."

मावशी हे ऐकत शेजारी उभ्या होत्या. चुकीचे माप घेऊन कुणाच्या दारात उभे राहायचे नाही, हा त्यांच्या पतीचा धर्म त्यांना ठाऊक होता, आणि त्या धर्माचा त्यांना मनातून अभिमानही होता.

एक गोष्ट त्यांच्या मनात टोचत राहिली. दिवसभर तान्ह्यांना निजवताना मावशींचा तळवा त्यांच्या छातीवर असे. दमदार, चिमुकल्या ठोक्यांची त्या हाताला सवय होती. एका दुपारी सुट्टीच्या दिवशी काटेवाले खुर्चीत डुलकी घेत असताना मावशींनी सहज त्यांच्या छातीवर हात ठेवला. आत दोन ठोके घाईने पडले, मग काहीच नाही, मग एक मोठा, मग पुन्हा घाई. तालावर पाय न पडणारे कुणी अंधारात धडपडत चालावे तसे. काटेवाले जागे झाले.

"काय गं?"

"ठोके चुकतायत हो तुमचे."

"हाताचा काय भरवसा," ते हसून म्हणाले. "तुझ्या हाताला पाळण्याचा झोका लागलाय."

त्याही हसल्या. यंत्रे खोटी ठरत असता आपल्या हाताला खरा म्हणण्याइतका स्वतःवरचा विश्वास त्यांनी कधी बाळगलाच नव्हता.

मग एक सकाळ निराळी उगवली. काटेवाल्यांनी घड्याळ बांधले, हात पसरला, आणि आकडा येऊन स्थिर झाला. ते वाट पाहत राहिले. तो हलला नाही. त्यांनी पट्टाही बांधून पाहिला; तोही तेच सांगू लागला. लहान मुलासारखे त्यांनी हाक मारली, "अगं, थांबला! थांबला बघ!" मावशींनी त्या दिवशीच्या बाळांना शेजारणीच्या हवाली केले आणि दोघे बाहेर पडले.

टाकीपर्यंतचा रस्ता ते दोघे एवढे एकदाच चालले. काटेवाले चालता चालता मनगट डोळ्यांपाशी नेऊन आकडा सांगत, आणि मावशी उत्तरादाखल शेजारणीच्या सुनेची, गळक्या नळाची, कालच्या रडव्या बाळाची हकीकत सांगत. टाकीच्या कठड्यावर ते बसले. काटेवाल्यांचा चेहरा लाल झाला होता, पण प्रसन्न होता.

"तुझ्या भावाचा तो निरोप आठवतो?" ते अचानक म्हणाले. "काटा थांबला का म्हणून?"

"जन्मभर ऐकवतेय की मी."

"तो तुला पाहिलं त्याच दिवशी थांबला होता. मी उगीच वेळ घेतला. म्हटलं, पुन्हा एकदा तसंच वाटतं का बघू."

"मग?"

"तसंच वाटलं."

एवढे वाक्य यायला किती वर्षे लागली, हा विचारही मावशींच्या मनात आला नाही. त्या नुसत्या बसून राहिल्या, आणि परतताना त्यांनी ठरवले की उद्या शिदोरी बांधून घ्यायची.

दुसऱ्या दिवशी आकडे पुन्हा नाचू लागले. काटेवाल्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवले. त्यांच्या मुद्रेवर मावशींनी क्वचित पाहिलेला भाव होता, फसवल्या गेलेल्या माणसाचा. "एक दिवस खरं बोलतं आणि दुसऱ्या दिवशी खोटं. हे तर साफ खोटं बोलणाऱ्यापेक्षा वाईट." शिदोरीचे घरीच खाल्ले. बूट खोक्यात परत गेले. त्यानंतर कित्येक आठवडे ते नव्या मॉनिटरांची माहिती गोळा करीत राहिले, आणि त्या आठवड्यांत त्यांचा जिना अधिकाधिक उंच होत गेला.

एके दिवशी ते चष्मा घरी विसरले. पाळणाघराला सुट्टी होती, म्हणून मावशी तो घेऊन गोदामांकडे गेल्या. खिडकीपाशी पोहोचल्या तेव्हा फलाटावर गुरांनी भरलेला ट्रक उभा होता. फळ्यांच्या फटींतून शिंगे दिसत होती, खुरांचा आवाज येत होता, सारा ट्रक हेलकावे खात होता. ड्रायव्हर नवखा होता आणि चिडला होता.

"अहो, काटा बिघडलाय तुमचा! बघा आकडे कसे उड्या मारतायत!"

काटेवाले शांतपणे बाहेर आले. "काटा चांगला आहे. आत जीव आहे. जीव हलतो, म्हणून आकडा हलतो. दम धरा."

खिडकीतून मावशींना पेटी दिसत होती. तांबडे आकडे चढत होते, कोसळत होते, पुन्हा चढत होते. हा नाच त्यांच्या ओळखीचा होता. घरच्या टेबलावर त्यांनी तो रोज पाहिला होता. चष्मा द्यायचा सोडून त्या खिडकीशीच उभ्या होत्या, तोच फाटकवाले आपली खुर्ची घेऊन आले. "काय झालं वहिनी? ऊन लागलं का? बसा ना." त्या बसल्या नाहीत. बाहेर ट्रकांची रांग होती, लोक ओरडत होते, पती कामावर होते. त्यांनी चष्मा दिला आणि घराकडे वळल्या. वाटेत दोनदा त्या परत फिरण्यासाठी थांबल्या, आणि दोन्ही वेळा पुढे चालू लागल्या.

संध्याकाळी काटेवाल्यांचा चहा होईतो त्या थांबल्या. मग घड्याळ आणून त्यांच्यासमोर ठेवले.

"अहो, काटा चांगला आहे."

"कुठला?"

"हा. आणि पट्टाही. दोन्ही चांगले आहेत. दुपारी तुम्हीच म्हणालात ना त्या ड्रायव्हरला, आत जीव हलतो म्हणून."

काटेवाले त्यांच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी घड्याळ उचलून मावशींच्या मनगटाला बांधले आणि आकडा पाहिला. सोडले, स्वतःच्या मनगटाला बांधले, पाहिला. पहिल्या दिवशी हेच केले होते. पण त्या दिवशी ते यंत्राकडे पाहत होते. खिडकीबाहेर कुणाची तरी सायकल खडखडत गेली. काटेवाल्यांनी आपला उजवा तळवा स्वतःच्या छातीवर ठेवला.

"खरंच की गं," ते हळूच म्हणाले. "सगळ्या जगाला मी हेच सांगत आलो."

"आत्ता जाऊ या. डॉक्टर म्हणाले होते, चालू असतानाच या."

"उद्या निरीक्षक येतायत. वर्षाची तपासणी. मी नसलो तर काट्याला शिक्का मिळणार नाही, सगळी पेठ अडून बसेल. परवा सकाळी, उठल्या उठल्या. नक्की."

मावशींच्या ओठांवर 'नाही' हा शब्द आला होता. पण आयुष्यभर ज्या माणसाबरोबर त्या थांबत आल्या, त्याच्यासोबत आणखी एक दिवस थांबणे त्यांना जमले, कारण जमत आले होते. त्या म्हणाल्या, "बरं."

पुढचे त्यांना फाटकवाल्यांनी सांगितले. निरीक्षकांनी प्रमाणित वजने फलाटावर रचली. आकडा आला आणि दगडासारखा उभा राहिला. निरीक्षक म्हणाले, "असा काटा या भागात दुसरा नाही." काटेवाल्यांनी मान डोलावली, सही करायला लेखणी उचलली, आणि ती त्यांच्या बोटांतून गळून पडली. ते काही बोलू पाहत होते. तोंड एका बाजूला ओढले गेले होते. "मला वाटलं, थट्टा करतायत वहिनी," फाटकवाले रडत म्हणाले. "निरीक्षकांची नक्कल करतायत, असं वाटलं मला."

इस्पितळात सांगण्यात आले की वेड्यावाकड्या चालणाऱ्या हृदयात रक्ताची गाठ साकळली होती आणि ती मेंदूत जाऊन अडकली. "थोडं आधी कळलं असतं तर गोळ्यांनी..." एवढे बोलून डॉक्टर थांबले. मावशींनी ते वाक्य पुरे करायला सांगितले नाही.

काटेवाल्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे तेवढे राहिले. खाटेच्या उशालगत, बाजूच्या भिंतीवर, एक पडदा होता आणि त्यावर हिरवा आकडा. छातीला डकवलेल्या तारांतून तो येत होता, आणि तो नाचत होता. खाट अशी होती की मान किंचित वळवली की तो दिसे. काटेवाले दिवसभर त्याच्याकडे पाहत पडून राहत. मावशींना ती नजर ओळखायला वेळ लागला नाही. खिडकीपाशी बसून ते याच नजरेने पेटी पाहत असत. ते वाट पाहत होते.

"बाई, तो पडदा जरा पलीकडे वळवता येईल का?" मावशींनी परिचारिकेला विचारले.

"नाही हो मावशी, आम्हाला दारातूनच बघावं लागतं."

मग मावशींनी आपले स्टूल उचलले आणि खाट व पडदा यांच्या मध्ये मांडले. पडद्याकडे पाठ करून त्या बसल्या आणि बोलू लागल्या. गळका नळ दुरुस्त झाला. रडव्या बाळाला दात आला. दुकानातली मुलगी विचारून गेली, तिच्या डोळ्यांत पाणी होते. टाकीच्या रस्त्यावर नवे बाक बसवलेत, आता कठड्यावर बसायला नको. चालताना जे बोलायचे योजले होते, ते सारे त्यांनी त्या स्टुलावर बसून सांगितले. काटेवाले ऐकत होते की नाही, सांगता येत नाही. अधूनमधून ते डावीकडे मान कलती करीत आणि मावशींच्या खांद्यावरून पलीकडचा आकडा पाहण्याचा प्रयत्न करीत. मग मावशी स्टूल थोडे सरकवीत.

एका सकाळी, त्या नव्या बाकांविषयीच पुन्हा सांगत असताना, परिचारिका धावत आत आली. पडदा मावशींच्या पाठीमागे होता. त्यांनी वळून पाहिले नाही. काटेवाल्यांचे डोळे उघडे होते आणि ते त्यांच्या खांद्यावरून पलीकडे लागलेले होते.

काट्यावर आता दुसरा मनुष्य आहे. आकडा दिसला की तो पावती देतो. रांग लागत नाही, भोंगे वाजत नाहीत, आणि पेठेतले काही व्यापारी माल दुसरीकडे पुन्हा तोलून घेतात. फाटकवाल्यांनी काम सोडले. कापडी बुटांचा मोठा जोड खोक्यात आहे. छातीचा पट्टा न्हाणीघरातल्या खुंटीवर वाळून कडक झाला आहे. घड्याळ मावशींच्या मनगटावर असते, आणि त्यावरचा आकडा स्थिर असतो.